‘परदेशी मदत’ म्हणजे नक्की कुणाचे पैसे?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका हॉस्पिटलला डायलिसिसची मशीनं मिळाल्याचा फोटो आला होता. रिबीन, कात्री, सात-आठ कोटवाले आणि खाली ओळ, ‘अमेरिकेतून ४० लाखांची मदत’. त्यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दोन दिवस चर्चा चालली, एकजण म्हणाला बघा अमेरिकेतले लोक देतात आणि आपले श्रीमंत लग्नात उडवतात, दुसरा म्हणाला परदेशी पैसा म्हटलं की आत काहीतरी काळंबेरं असणारच. मी तेव्हा गप्प बसलो, पण घरी आल्यावर राहवेना म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाइप करतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सांगली जिल्ह्यातला, सहकारी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मित्राने रोटरीत, म्हणजे जगभर शाखा असलेल्या समाजसेवेच्या क्लबात, ओढलं आणि पहिल्याच वर्षी ‘तुम्ही बँकेत होता ना, मग ग्रांटचं (अनुदानाचं) तुम्हीच बघा’ म्हणून एक फाइल गळ्यात मारली. तोपर्यंत मला पण वाटायचं की अमेरिकेत कुणीतरी शेठजी बसलाय, त्याला इंग्लिशमधून अर्ज केला की तो चेक पाठवतो. तसं काही नाही.

रोटरीचं एक फाउंडेशन आहे, मुख्य ऑफिस शिकागोजवळ इव्हान्स्टनला. १९१७ साली आर्च क्लम्फ नावाच्या त्यांच्या प्रेसिडेंटने अटलांटाच्या अधिवेशनात सांगितलं की जगात चांगलं काम करायला एक कायमचा फंड पाहिजे, आणि त्यात पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबची, २६ डॉलर ५० सेंट. हा आकडा ऐकला की आमचे नवे मेंबर हसतात. आज त्या फंडात पैसे घालतात ते जगभरचे मेंबर, आणि त्यात आपण पण आलो. एखाद्या रोटेरियनच्या कोटावर ‘पॉल हॅरिस फेलो’ची पिन दिसली तर समजायचं की त्याच्या नावावर हजार डॉलर जमा झालेत. अलीकडच्या वर्षांत या फाउंडेशनला देणग्या देण्यात अमेरिकेनंतर दुसरा नंबर भारताचाच लागतो, हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नाही.

मेंबरने आज दिलेला पैसा लगेच खर्च होत नाही. तो तीन वर्षं गुंतवून ठेवतात, त्यानंतर त्यातला साधारण निम्मा आपल्याच डिस्ट्रिक्टला वापरायला परत मिळतो, त्याला डीडीएफ म्हणायचं, आणि निम्मा वर्ल्ड फंडात, म्हणजे सगळ्या जगाच्या सामाईक हंड्यात जातो. (रोटरीचा डिस्ट्रिक्ट म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे, त्यात तीन-चार जिल्हे सहज बसतात.) मग दोन वेगवेगळ्या देशांतले दोन क्लब मिळून जी ग्रांट मागतात ती ग्लोबल ग्रांट. हे नाव जगभर लागू झालं १ जुलै २०१३ पासून, त्याआधी १९६५ पासून मॅचिंग ग्रांट होती, जुने लोक अजून मॅचिंगच म्हणतात. प्रोजेक्ट कमीत कमी ३० हजार डॉलरचं पाहिजे आणि काही ठराविक वाटा प्रोजेक्ट ज्या देशात आहे त्याच्या बाहेरून यायला पाहिजे.

बँकेचा माणूस असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. समजा ५० हजार डॉलरचं काम आहे. आपल्या डिस्ट्रिक्टने डीडीएफ दिला ८ हजार, परदेशातल्या डिस्ट्रिक्टने १५ हजार, झाले २३. डीडीएफवर वर्ल्ड फंड ८० टक्के घालतो, म्हणजे १८ हजार ४००. एकूण ४१ हजार ४००. उरलेले ८ हजार ६०० आपल्या क्लबाने गोळा करायचे, आणि ते फाउंडेशनमार्फत भरले तर वर ५ टक्के जादा, म्हणजे आणखी ४३०. डॉलर सोपा जावा म्हणून ८५ रुपये धरा, तर साडेबेचाळीस लाखांच्या कामात क्लबाच्या खिशातून रोख गेले सात लाख एकतीस हजार आणि वर साडेछत्तीस हजार. पूर्वी डीडीएफवर पूर्ण शंभर टक्के मॅच मिळायचा आणि रोख रकमेवर पण निम्मा मिळायचा, आता रोख रकमेवर काही नाही. म्हणजे ‘अमेरिकेतून’ म्हणाल तर सरळसरळ तो १५ हजारांचा भाग, वर्ल्ड फंड हा सगळ्यांच्या हंड्यातला आणि बाकीचे आपलेच. आपले पैसे आपल्याच गावात यायला सातासमुद्रापलीकडे जाऊन येतात असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. मग एवढा वळसा कशाला, सरळ इथेच वर्गणी काढून काम करा ना, असं मी पण पहिल्या वर्षी मिटिंगमध्ये म्हणालो होतो, आता म्हणत नाही, का ते पुढे येईल.

परदेशी पार्टनर शोधणं हा एक वेगळाच छळ आहे. आम्ही ६३ क्लबांना मेल टाकले, इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, जिथे जिथे मेल आयडी सापडला तिथे. उत्तरं आली चार. दोन ‘शुभेच्छा’, एक ‘यावर्षीचा डीडीएफ संपला’, आणि एकाने विचारलं हा प्रोजेक्ट आफ्रिकेत कुठे आहे. शेवटी काम झालं ते ओहायोत राहणाऱ्या भाच्यामुळे, त्याच्या शेजारी राहणारे गृहस्थ तिथल्या एका छोट्या क्लबचे मेंबर निघाले. आता सगळीकडे हे असंच चालतं, नातेवाईक, डॉक्टर मित्र, जावई, कुणाचा तरी हात लागल्याशिवाय पार्टनर मिळत नाही, बाहेर गेलेल्या मराठी पोरांचा हा उपयोग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीइतका कुणी छापत नाही एवढंच.

त्यांची मिटिंग दुपारच्या जेवणाची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा. आम्ही तिघे प्रेसिडेंटच्या दुकानात शटर अर्धं ओढून लॅपटॉपसमोर बसलो. प्रोजेक्ट सांगितलं, शाळांना स्मार्ट टीव्ही आणि ई-लर्निंगचे किट. का, तर आमच्या एका मेंबरचा तोच धंदा. (हे तेव्हा आम्हाला चुकीचं पण वाटलं नव्हतं!) पलीकडे एक रिटायर नर्स बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, त्यांनी शांतपणे विचारलं की हे शाळांनी मागितलंय का. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

फाउंडेशनचा नियमच आहे की आधी गावात जाऊन गरज काय ते विचारायचं आणि त्याचा कागद अर्जाला जोडायचा, कम्युनिटी असेसमेंट म्हणतात. आम्ही ते घरी बसून भरणार होतो, खोटं कशाला बोलू. त्या बाईंमुळे जावं लागलं. जत तालुक्याच्या बाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळा, उन्हाळ्याचे दिवस, पहिल्याच शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून दाखवलं, आत एक टीव्ही आधीच पडलेला, कुणीतरी दिलेला. मग त्या आम्हाला मागे घेऊन गेल्या. संडास होता, बांधलेला, रंगवलेला, भिंतीवर स्वच्छतेचा संदेश, आणि दाराला कुलूप. का तर पाणी नाही. सातवीतल्या मुली पाळीच्या दिवसांत येतच नाहीत हे त्यांनी हजेरीपटावर बोट ठेवून दाखवलं, महिन्याला तीन-चार दिवसांची गैरहजेरी, दर महिन्याला त्याच मुली. आम्ही तिघे पुरुष, काय बोलावं कळेना. परत येताना गाडीत कुणी एफएम पण लावला नाही.

टीव्हीचं बारगळलं. ११ शाळांत पाणी, टाकी, मोटार, हात धुवायची जागा आणि चालू संडास असा अर्ज झाला. रोटरीची सात क्षेत्रं ठरलेली आहेत, शांतता, आजार, पाणी-स्वच्छता, आई-मूल, शिक्षण, गावाची कमाई आणि २०२१ पासून पर्यावरण, यातल्या एकात तरी प्रोजेक्ट बसावं लागतं, आमचं पाण्यात बसलं. पुढच्या कॉलला त्याच नर्सबाईंचा दुसरा प्रश्न, मोटारीचं लाइटबिल कोण भरणार? आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांची बिलं थकून मीटर कापले जातात हे मला माहीत होतं, त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, तरी प्रश्न बरोबर तिथेच आला. मग आम्ही ११ ग्रामपंचायतींकडे हेलपाटे घालून वित्त आयोगाच्या पैशातून बिल आम्ही भरू असे ठराव करून घेतले. सरपंचाची सही घ्यायला एका गावात पाच चकरा झाल्या, एकदा यात्रा, एकदा लग्न, एकदा ते मुंबईला.

या काळात एक गंमत झाली. एका हॉस्पिटलच्या ट्रस्टचे लोक भेटायला आले, नाव सांगत नाही. म्हणाले शाळा-बिळा सोडा, आमच्यासाठी मशीन मागा, तुमच्या क्लबाचा रोख वाटा आम्हीच भरतो, तुम्हाला एक रुपया काढायला नको, उद्घाटनाला पालकमंत्री आणतो. दोन-तीन मेंबर लगेच तयार झाले, सात लाख वाचत होते ना. पण ज्याला लाभ मिळणार त्याच्याकडूनच ग्रांटच्या बदल्यात पैसे घ्यायचे नाहीत असा फाउंडेशनचा स्पष्ट नियम आहे. मी तो वाचून दाखवला तेव्हा एक सीनियर मेंबर मला म्हणाले ‘बँकेत पण असाच होता का हो तुम्ही?’ त्यावर मी काही बोललो नाही, पण साहेब तुम्हाला एवढंच सांगतो की कुठल्याही ग्रांटच्या बातमीत क्लबाचा वाटा नक्की कुणी भरला हा प्रश्न तुमच्या वार्ताहराने विचारला तर बऱ्याच ठिकाणी चहा थंड होईल.

अर्ज ऑनलाइन असतो. त्याआधी क्लबाला क्वालिफाय व्हावं लागतं, म्हणजे ट्रेनिंगला बसायचं, प्रेसिडेंट आणि पुढच्या वर्षीचा प्रेसिडेंट दोघांनी एमओयूवर (करारावर) सह्या करायच्या. मग दोन्ही डिस्ट्रिक्टच्या सह्या, मग इव्हान्स्टनच्या ऑफिसरचे प्रश्न, रक्कम मोठी असली की त्यांच्या तज्ञ रोटेरियनांकडून तपासणी. आम्हाला २७ प्रश्न आले, त्यातले निम्मे एकच, हे पाच वर्षांनी कोण चालवणार. शिकवणार कोण, सुटे भाग जवळच्या गावात मिळतात का, मोजणार कसं. सगळा भर एकाच गोष्टीवर, की क्लब निघून गेल्यावर काय उरतं. एवढा वळसा कशाला, याचं उत्तर हेच, इथल्या इथे वर्गणी काढली असती तर हे आम्हाला कुणी विचारलं नसतं. तीन कोटेशन घ्यायची, आणि विकणारा मेंबर असेल किंवा मेंबरचा नातेवाईक असेल तर ते लिहून द्यायचं, हे ऐकून आमचे मोटार-पाइपवाले दोन मेंबर जे रुसले ते थेट दिवाळीच्या फेलोशिपलाच (क्लबाच्या स्नेहमेळाव्याला) आले.

आता कट्ट्यावरच्या काळंबेरंवाल्या मित्रासाठी. परदेशी पैसा आपल्याकडे कुणाच्याही साध्या सेव्हिंग खात्यात येऊन पडत नाही. परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा आहे २०१० चा, २०२० मध्ये तो आणखी आवळला, नोंदणीवाल्या संस्थेने परदेशी पैसा घ्यायचा तो दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला पास करायचा नाही, ऑफिसखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. सांगलीत शाळेचा संडास बांधायचा आणि खातं दिल्लीत, याच्यावर मी पूर्वी हसायचो, नंतर हसू बंद झालं. प्रोजेक्टला बँक खातं वेगळं, सह्या दोन, दर बारा महिन्यांनी रिपोर्ट, काम संपल्यावर दोन महिन्यांत शेवटचा रिपोर्ट, बिलं निदान पाच वर्षं सांभाळायची. आमच्या बेडरूमच्या माळ्यावर अजून दोन खोकी आहेत, बायको दर दिवाळीला विचारते टाकू का. आमचा रिपोर्ट एकदा उशिरा गेला, तर क्लबाचं पुढचं सगळं अडकलं. पहिल्या कॉलपासून पैसे हातात यायला आम्हाला १९ महिने लागले.

आणि या १९ महिन्यांत प्रेसिडेंट बदलले दोन. रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून, प्रत्येकाला आपल्या वर्षात रिबीन कापायची असते, काम चालतं तीन वर्षं. पहिला अर्ज करतो, दुसऱ्याच्या वर्षी पैसे येतात, तिसरा फोटोत असतो आणि रिपोर्ट चौथ्याच्या गळ्यात. आपल्या पेपरात आलेल्या फोटोत मधोमध उभ्या असलेल्या गृहस्थांना मी ओळखतो, चांगला माणूस आहे, पण त्या ग्रांटचं काम कुणी केलं हे मला माहीत आहे आणि तो फोटोत नाही.

लायन्स क्लब म्हणजे रोटरीसारखाच दुसरा क्लब, त्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे. त्यांचं फाउंडेशन १९६८ चं, तिथे पण स्थानिक लोकांनी आधी आपला हिस्सा उभा करायचा आणि मग मॅचिंग मिळतं, डोळ्यांच्या कामासाठी १९९० पासून साइटफर्स्ट म्हणून वेगळी योजना आहे. त्यातलं आतलं त्यांनीच लिहावं, मी उगाच त्यांच्या ताटात हात घालत नाही. कंपन्यांचा सीएसआर (समाजकामासाठी काढलेला पैसा) हा पण आता मोठा पाट झालाय, पण तो पैसा कायद्याने भारतातच खर्च करावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या देशाला मदत करायची असेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि दुसऱ्या देशाचं म्हणाल तर आमचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. आमचं काम संपत आलं होतं त्या सुमारास नेपाळमधल्या एका क्लबचा मेल आला, त्यांना पाण्याच्या कामासाठी परदेशी पार्टनर पाहिजे होता, थोडा डीडीएफ मिळवून द्याल का म्हणून. मी तो मिटिंगमध्ये वाचला. एकजण म्हणाला आपल्याकडे काय कमी गरज आहे का, दुसरा म्हणाला आधी घरचं बघा, आणि विषय पुढच्या मिटिंगला ढकलला आणि पुढच्या मिटिंगला तो अजेंड्यावर नव्हता. उत्तर पण गेलं नाही. आम्ही ६३ मेल टाकून बसलो होतो तेव्हा ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना आम्ही काय काय म्हटलं होतं ते मला चांगलं आठवतं. असं नाही की भारतातून कुणी जात नाही, चंदीगडचे राजेंद्र साबू रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते १९९१-९२ ला, त्यांनी १९९८ मध्ये युगांडाला भारतीय सर्जन नेऊन ऑपरेशनची शिबिरं सुरू केली, नंतर आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी आपले डॉक्टर गेले, फुकट गेले. पोलिओच्या डोसचं घ्या, रोटरीची त्यातली सुरुवात १९७९ ला फिलिपाइन्समध्ये एका अशाच ग्रांटवर झाली आणि पुढे ते काम आपल्या दारापर्यंत आलं, २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा कुठल्या तरी लांबच्या गावातल्या क्लबाने आधी घरचं बघा म्हटलं असतं तर? त्या नेपाळच्या मेलला मी शेवटी स्वतःच्या नावाने उत्तर दिलं, आठ महिने उशिरा. त्यांना तोपर्यंत दुसरीकडचा पार्टनर मिळाला होता.

तर साहेब विनंती दोनच. अशी बातमी छापताना क्लबाकडून फक्त फोटो आणि पाहुण्यांची यादी घेऊ नका, पैशाची फोड मागा, डीडीएफ किती, वर्ल्ड फंड किती, रोख किती आणि कुणाची, हे सगळं अर्जात लिहिलेलंच असतं, लपवण्यासारखं काही नाही. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच जागी वार्ताहर पाठवा, मशीन चालू आहे का बघायला.

सुरुवात आमच्यापासून करायला हरकत नाही. ११ पैकी ९ शाळांत पाणी चालू आहे. एका ठिकाणी बोअर आटली. एका ठिकाणी सरपंच बदलले, नवे म्हणतात तो ठराव जुन्या बॉडीचा, बिल थकलं आणि मार्चमध्ये मीटर कापला, संडासाला पुन्हा कुलूप आहे. गटविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला मी तीनदा जाऊन आलो, पुन्हा सोमवारी जाणार आहे. ओहायोच्या नर्सबाईंना अजून कळवलेलं नाही, पुढच्या महिन्यात कॉल आहे तेव्हा सांगावं लागेल. तुमचा वार्ताहर यायचा असेल तर त्याआधी आला तर बरं, मी एसटी स्टँडवर गाडी घेऊन थांबतो.

आपला,
एक रिटायर बँकवाला
(नाव छापू नये, क्लबात अजून मेंबर आहे)